साडेसहा अंश

घरातल्या नव्या पिनबॉल खेळाच्या मशीनचा उतार साडेसहा अंश आहे; मी तीनदा मोजला. तरी काचेखालची पोलादी गोळी, माझा नवरा भूपेंद्र ज्या बाजूला उभा असतो तिकडे, चढ चढून जाते.

आधीच्या दोन नव्या मशीनचे रंग उडाले, दिवे विझले; कंपनीशी भांडून त्याने त्या परत केल्या. हिची मात्र तक्रार करत नाही. त्याच्या गोरेगावच्या दुकानातून घरी आला, की आधी तिची काच पुसतो.

“हिला परत पाठवा, नाहीतर मी जाते,” असं मी चार महिने म्हणतेय.

आज मी प्लगच काढला. तो दारात आला. गोळी चढून दाराकडे गेली आणि थांबली.

“सांगा, ती का मी?”

“हळू बोल. ती ऐकून राहिली.”

त्याने काचेवर हात ठेवला.

“तू जाय, नीतू.”