दरवर्षी, अकरा नोव्हेंबर

रजा काढून आलेल्या मुलाने दारातच फुलांची पुडी आईच्या हाती दिली. "श्राद्धाला गुरुजी किती वाजता येणार?"

आई पुडीकडे पाहत राहिली. "अरे, आज कुठे? बाबांची तिथी कार्तिक शुद्ध दशमी. ती अकरा दिवसांपूर्वीच झाली. पिंड तुझ्या चुलतभावाने दिले."

"मला फोन का नाही केलास?"

"तूच म्हणाला होतास, मोबाइलमध्ये घालून ठेवलंय, विसरणार नाही. आला नाहीस, तेव्हा वाटलं, सुट्टी मिळाली नसेल. उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला?"

भिंतीवरच्या कॅलेंडरात दशमीभोवती पेन्सिलीचे वर्तुळ होते. आजोबांच्या श्राद्धासाठी बाबा दरवर्षी असेच तिथीवर वर्तुळ करत. तारीख दर वेळी वेगळी येई. हे पाहतच तो मोठा झाला होता. तरीही बाबा गेले ती तारीख मोबाइलमध्ये घालताना त्याने ‘दरवर्षी’ हा पर्याय निवडला होता.

आई पान वाढत असताना त्याने नोंद पुसायला घेतली. फक्त आजची पुसायची की यापुढच्या सर्व, मोबाइलने विचारले. त्याने ‘सर्व’वर बोट ठेवले.

"पुढच्या वर्षीची दशमी कधी आहे?"

"नवं कॅलेंडर अजून आलं नाही," आई म्हणाली. "भात वाढू?"