पोचा पडलेला पृथ्वीगोल

"तू उद्या येणार होतास ना?" ताईने दारातच विचारलं.

"बैठक आजच संध्याकाळी घेतायत," शिक्षणाधिकारी म्हणाला. "मग दोन्ही शाळा आजच बघणं आलं. तुझी वाटेत लागली."

त्याने पायरीवर बूट झटकले. डोंगरावरची तांबडी माती काही सुटेना. या हुद्द्यावर आल्यापासून तो इथे पहिल्यांदाच येत होता. सख्खी बहीण शाळा चालवते, म्हणून तपासणीला कायम दुसऱ्याला पाठवायचा. उगाच कोणी म्हणायला नको, बहिणीचे लाड चाललेत. लोकांच्या तोंडाला भिऊन माणूस शेपूट घालतो आणि त्याला सचोटी म्हणतो.

वर्ग रिकामा होता. फळ्यावर अर्धं सोडवलेलं गणित. भिंतीला खुंट्या होत्या, पोरांचे हात पोचतील इतक्या खाली ठोकलेल्या. एकाही खुंटीला दप्तर नव्हतं.

"मुलं कुठायत?"

"बाहेर गेलीत."

"सगळी?"

"येतील रे." ताईने डस्टर उचललं आणि परत तिथेच ठेवलं.

"आणि पृथ्वीगोल?"

"तो खाली नदीकाठच्या शाळेतल्या मास्तरांना दिलाय. त्यांच्याकडे आज तपासणी ना."

त्याला हसू आलं. अख्ख्या विभागात धड फिरणारा पृथ्वीगोल हा एकच. तपासणी जिथे, तिथे तो साहेबाच्या आधी पोचायचा. नकाशे, तराजू, चार बऱ्या खुर्च्या, सगळ्यांची अशीच वरात निघायची. वरून काही मिळत नाही म्हटल्यावर शाळा एकमेकींकडे उसनं मागायच्या, आणि तो पाहून न पाहिल्यासारखं करायचा.

"ताई, खरं सांग. मुलं येत नाहीत ना आता?"

"येतात. उद्या ये, दाखवते."

"उद्या येऊन काय करू? दोन्हीतली एक आज बंद होणार आहे."

ताई खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मास्तरांची नको करूस बंद. भला माणूस आहे. बायको गेल्यापासून पोरीला एकटा सांभाळतोय."

"आणि तुझी?"

"माझी कशाला बंद होईल?"

वेडी आहे, असं त्याला वाटलं. तो गाडीत जाऊन बसला.

नदीकाठच्या शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. एकेका बाकावर तिघंतिघं कोंबलेली. बाकांखाली तांबड्या मातीने बरबटलेले बूट.

"काय मास्तर, पोरं कुठे लोळून आली?"

"जातात साहेब, खेळायला. कुठे कुठे." मास्तरांनी रुमालाने मान पुसली.

एक चिमुरडी उठली, पाणी प्यायला जाऊ का म्हणाली आणि तरातरा जाऊन तिने कपाटाचं दार उघडलं. वर्ग खिदळला. पहिल्या बाकावरच्या मुलीने उठून तिचा हात धरला आणि तिला बाहेर नळावर नेलं.

"ही माझी," मास्तर म्हणाले. तेवढं मात्र मान वर करून म्हणाले.

टेबलावर पृथ्वीगोल होता. महासागरात तोच जुना पोचा. अधिकाऱ्याने एक गिरकी दिली.

"पृथ्वी ओळखीची वाटते, मास्तर."

"साहेब, मी... उसनं आणलंय, साहेब."

"आणा हो. मी काय वस्तू मोजायला आलोय? मी मुलं बघायला आलोय."

मास्तरांनी फिरता पृथ्वीगोल हाताने थांबवला.

संध्याकाळच्या बैठकीला दोन्ही शाळांचे कागद टेबलावर होते. दोन्हींचा पट भरलेला. कागद कधी उपाशी दिसलाय?

"शाळेचं एवढं काय घेऊन बसलात?" शिक्षण समितीचे अध्यक्ष म्हणाले. "मी कुठे शिकलो? माझं काही अडलं?"

त्यांचं नव्हतंच अडलं. बाकीच्यांचं काय अडलं ते विचारायला बैठकीत कोणाला वेळ नव्हता.

अधिकारी उभा राहिला. "मी स्वतः जाऊन आलो. वर एकही मूल नाही. खाली बसायला जागा नाही. वरची शाळा बंद करावी, मुलं नदीकाठी पाठवावीत."

"सख्खी बहीण असून!" अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "माणूस असावा तर असा!"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत मास्तर उठायला लागले. ताईने त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं आणि कानाशी काहीतरी पुटपुटली. आभाराचं भाषण ठोकायचं असेल, असं अधिकाऱ्याला वाटलं.

जिन्यात त्याने तिला गाठलं. "ताई, एक शब्द तरी बोलायचास."

"काय बोलू? तू बघून आलास ना?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तिला मुख्य कचेरीच्या भांडारात बसवलं, मोडक्या फळ्यांच्या सोबतीला. तो रोज भांडाराच्या दारावरून जायचा. ती मान वर करायची नाही. पण आपण चोख वागलो, एवढा एक आधार होता. तो घट्ट धरून तो दिवस ढकलत होता.

निदान मुलांचे हाल नकोत, म्हणून त्याने नदीकाठी टेम्पो भरून जादा बाकं पाठवली. मुलं खाली आल्यावर आठवडाभराने तो स्वतः बघायला गेला. बाकं व्हरांड्यातच एकावर एक रचलेली होती. दोरीसुद्धा सोडली नव्हती.

"मास्तर, हे काय? नवी मुलं काय उभ्याने शिकतायत?"

मास्तर त्याच्याकडे बघेनात.

तो तणतणत वर्गात शिरला. पोरं उठून उभी राहिली, त्याने त्यांना बसवलं. आवाज शक्य तितका मऊ करून तो म्हणाला, "वरच्या शाळेतून, ताईंकडून आलेली मुलं कोण कोण? घाबरू नका. हात वर करा बघू."

पहिल्या बाकावरची मास्तरांची मुलगी तेवढी हाताची घडी घालून बसून राहिली. बाकी सगळ्या वर्गाने हात वर केले.