केसाएवढं चाक

सात महिने खपून मृदुला कासारने धातूचं एक दातेरी चाक कोरलं होतं. डोळ्यात औषध सोडणाऱ्या इवल्याशा पंपासाठीचं ते चाक केसाच्या जाडीएवढं होतं. प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांना दाखवायला तिने ते काचपट्टीवर ठेवलं.

मंत्री सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आधीच काचपट्टीकडे वाकले. "अहो, कचरा आहे इथं," म्हणत त्यांनी रुमालाने काच पुसली आणि रुमाल खिशात टाकला.

मृदुलाने बोलायला तोंड उघडलं. प्रयोगशाळेचे संचालक तिच्या कानाशी पुटपुटले, "गप्प राहा. त्यांचा अपमान होईल."

ती तरीही पुढे झाली. "साहेब, तुमचा रुमाल मला द्याल का?"

मंत्री आधी गोंधळले, मग खुलून हसले. त्यांनी स्वतःच्या हाताने तिला रुमाल दिला. कॅमेरे लखलखले.

चार तास तिने रुमालाचा धागा न् धागा तपासला. चाक सापडलं, एकही दात मोडला नव्हता. ती एकटीच रडली.

दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो होता. 'मंत्र्यांचा रुमाल मिळताच तरुण शास्त्रज्ञ भारावली.' चाकाबद्दल अवाक्षर नव्हतं. संचालकांनी ते कात्रण चौकटीत बसवून प्रयोगशाळेच्या दाराशी लावलं.