घरातलं उड्डाण

वादळ थांबेना, म्हणून मकरंदने नवा ड्रोन दिवाणखान्यातच उडवून बघायचं ठरवलं. त्याची जोडणी अनघाने केली होती. आजारपणापासून मकरंद नुसता शेजारी बसून सांगायचा. समोर कुणी श्वास घेत असेल, तर ड्रोन आपोआप वळसा घालणार होता.

"घरात नको रे," अनघा म्हणाली.

"ये इकडे," मकरंदने ड्रोनला हुकूम सोडला.

ड्रोनने अनघाला वळसा घातला, झोपलेल्या मांजरालाही घातला. मग तो सरळ मकरंदच्या छातीत शिरला आणि पाठीतून बाहेर पडला.

मकरंद वळून बघतच राहिला.

"मागच्या वादळातही तू ऐकलं नाहीस," अनघा छतावरच्या प्रोजेक्टरचं बटण शोधत म्हणाली. "आता परत पहिल्यापासून चालू करावं लागणार तुला."