उरलेले पाच सोमवार

राजाभाऊंनी चहाचा कप उचलला आणि समोर दुसरा कप नाही हे पाहून परत खाली ठेवला.

"वहिनी, तुमचा?"

"आज सोमवार," साधना म्हणाली.

"आई पाणीसुद्धा पीत नाही, काका," देविका स्वयंपाकघरातून म्हणाली. "मागच्या सोमवारी लॅबमध्ये चक्कर येऊन पडली. तुम्ही समजवा ना तिला. माझं बिल्कुल ऐकत नाही."

म्हणजे यासाठी मुलीने त्यांना बोलावलं होतं. राजाभाऊ साधनाच्या नवऱ्याच्या, जयंतच्या, गुडगावच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत. कपाळाला गंध, तोंडात सतत कुठलंतरी स्तोत्र. पहाडगंजहून दोन बस बदलून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेला आले होते. जयंत गेल्यापासून सहा महिन्यांत आज दुसऱ्यांदा.

"उपास वाईट नाही," ते जपून म्हणाले. "पण तब्येत बघून करावा."

"तब्येतीसाठी नाही करत मी. प्रायश्चित्त आहे ते."

"झालं सुरू," देविका पुटपुटली.

साधनाने पदर सारखा केला. ती बी.एस्सी. झालेली, अठरा वर्षं रक्त-लघवी तपासण्यात गेलेली. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. म्हणूनच की काय, जयंतच्या मरणाचं कारण तिने शोधून काढलं होतं. कधी ते तिला अगदी पक्कं वाटे. कधी भांडी घासताना हात थांबे आणि आपण हे काय मानून बसलोय, असं वाटे. मग ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागे.

"मुनिरकातल्या दोन खोल्यांत आम्ही चौदा वर्षं काढली," ती म्हणाली. "घराच्या सोडतीत अर्ज टाकला तेव्हा मी महादेवाला बोलले होते, नंबर लागू दे, सोळा सोमवार करीन. नंबर लागला. इथे राहायला आलो. अकरा सोमवार नीट झाले."

"मग?"

"बाराव्याला आमच्या लॅबमध्ये परदेशी मशीन आलं. मालकांनी नारळ फोडला आणि माझ्या तोंडात पेढा घातला. मी गिळला, राजाभाऊ. थुंकता आलं असतं. पण सगळे बघत होते. मग पुढचे करायचा धीरच झाला नाही. मोडलेलं व्रत कुठल्या तोंडाने पुढे न्यायचं?"

"एक पेढा!" देविका दारात आली. "एका पेढ्यासाठी देव बाबांना मारेल? हद्द आहे यार."

"तुझे बाबापण असंच म्हणाले होते. देव काय मस्टर घेऊन बसलाय का, म्हणाले." साधना किंचित हसली. "मी दोन दिवस रडत होते. शेवटी म्हणाले, रडू नकोस, बघू काहीतरी. त्यांनी ते हसण्यावारी नेलं आणि मीही विसरायला लागले. सगळं छानच चाललं होतं. त्या महिन्यात त्यांची साखरसुद्धा उतरली. कितीतरी वर्षांनी इतका चांगला रिपोर्ट आला होता. माझ्याच हाताने काढलेला. मला वाटलं, देवाने माफ केलं."

राजाभाऊ मान खाली घालून ऐकत होते.

"माझे किती राहिले होते? पाच. आणि पेढ्यानंतरच्या बरोबर पाचव्या सोमवारी, संध्याकाळी, उजेड असताना, रिकाम्या रस्त्यावर त्यांची गाडी सरळ खांबावर गेली. ना ब्रेक, ना हॉर्न. पोलीस म्हणाले, डुलकी लागली असेल. संध्याकाळी सहाला? त्यांना?" तिने बोटांवर मोजलं. "महादेवाने पाच सोमवार वाट पाहिली माझी. मी आले नाही, तेव्हा घेऊन गेला. आता हिच्यावर येऊ नये म्हणून करते. सोळा झाले तरी थांबायची भीती वाटते. त्याचं समाधान झालं की नाही, हे कळणार कसं?"

देविकाने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

राजाभाऊंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, नवल होतं.

"वहिनी, म्हणजे तुम्हाला माहीतच नाही?"

"काय?"

"शपथ घातली होती साहेबांनी, म्हणून मी आजवर बोललो नाही. पण तुम्ही भलतंच मनात घेऊन बसलाय. अहो, तुमचं व्रत मोडलंच नाही. पुरं झालंय ते."

"कसं पुरं झालं?"

"उरलेले पाच त्यांनी केले! पेढ्यानंतरच्या सोमवारी सकाळी आले ते पोह्यांचा आणि जेवणाचा, दोन्ही डबे माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, राजाभाऊ, आजपासून पाच सोमवार हे तुमचे. साधनाचं रडणं बघवत नाही. घरातून सोळा झाले म्हणजे झालं. शेवटचा झाला की मीच तिला सांगेन, तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही."

देविका एकदम रडायला लागली आणि रडता रडता हसली. "बघ आई! ऐकलंस ना? देव नाही रागावला. कुणीच नाही रागावलं तुझ्यावर!" तिने धावत जाऊन आतून चहाचा कप आणला आणि आईच्या हातात दिला.

साधनाने तो घेतला. तिचे डोळे राजाभाऊंवरून हलले नाहीत.

राजाभाऊंना हुरूप आला. ते पुढे सरकून बसले.

"आणि फराळ करून केलेले नाहीत हो, वहिनी. घरून निघताना तुमच्या हातची ती साखर उतरवायची गोळी, तेवढी चुकवायचे नाहीत. मग दिवसभर पाण्याचा थेंब नाही. चार वाजले की शर्ट घामाने भिजायचा, बोलताना जीभ अडखळायची. मी म्हणायचो, निदान एक केळं खा. ऐकतील तर ना! शेवटच्या सोमवारी तर हात असे थरथरत होते की गाडीची किल्ली दोनदा खाली पडली. मीच उचलून दिली. हसले आणि म्हणाले, आज सोळा पूर्ण."