डिस्कखालची गाणी

“नूतन, गाणी तूच पुसलीस,” आमच्या ध्वनिसंग्रहाचे सर सहाव्यांदा म्हणाले. समोर अभिमनभाऊ बसले होते, धरणगावहून आईचा आवाज न्यायला आलेले. त्यांच्या आईची, सुंदरबाई अक्कांची, अहिराणी गाणी मीच रेकॉर्ड केली होती. आता अक्का नाहीत, आणि फोल्डरमध्ये गाणीही नाहीत. माझं डोकं फिरलं. गाणी पुसली, तर सर्व्हर अजून तेवढाच भरलेला कसा दाखवतोय? मग आठवलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी बाहेरची डिस्क जोडलेलीच नव्हती, म्हणून गाणी सर्व्हरवरच्या मूळ फोल्डरमध्ये गेली. नंतर सरांनी त्याच फोल्डरवर डिस्क माउंट केली, म्हणजे त्या फोल्डरच्या जागी डिस्कच उघडेल अशी जोडली, आणि खालचं सगळं झाकलं. “सर, आधी तुमची डिस्क अनमाउंट करा.” त्यांनी कुरकुरत केली. गाणी जिथल्या तिथे! पहिलीच फाइल लावली. आधी अक्कांचा खोकला आला, मग आवाज: “पोरी, बठ्ठं नीट ठेवजो वं.” सगळं नीट ठेव, म्हणत होत्या. अभिमनभाऊंनी हात जोडले. “बघ,” सर म्हणाले, “नीट शोधलं की सापडतं!”