वाहून आलेलं रान

भिमाजीने चपला बांधावर काढल्या, रानात उतरला आणि गाळाच्या एका भेगेत कोपरापर्यंत हात घातला. मूठभर माती वर काढून चोळली, हुंगली. वरचा गाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते, पण आतला अजून ओलसर होता, चाळलेल्या पिठासारखा मऊ.

“खाली वल हाय की अजून,” तो स्वतःशीच म्हणाला.

सविता बांधावरून बघत राहिली. सख्खा धाकटा भाऊ दोन वर्षांनी आलेला, आणि घरात न येता, घोटभर पाणी न पिता आधी रानात शिरलेला. आनंद मानावा का राग धरावा, तिला उमगेना.

दोन वर्षांपूर्वी तिने हक्कसोड लिहून दिली होती. बापाच्या नदीकाठच्या रानातला आपला वाटा भावाला सोडून दिला होता. गावोगावच्या बहिणी सोडतात, माहेर तेवढं राहावं म्हणून. पण त्यानंतर भिमाजी फिरकलाच नाही. गेल्या भाऊबीजेला त्याचा साधा फोन आला नाही. रान गेलं ते गेलं आणि माहेरही गेलं, असं तिने मानून घेतलं होतं.

मग भाद्रपदात प्रवरेला पूर आला. वरच्या अंगाला भिमाजीचं रान पार मुरमापर्यंत खरवडून निघालं. दोन वळणं खाली, सविताच्या सासरी, जिथे धड कुसळ उगवत नव्हतं त्या चोपण तुकड्यावर गुडघाभर गाळ बसला. लोक म्हणाले, कल्याणचं नशीब उघडलं. कल्याण म्हणजे सविताचा नवरा. तो लगेच सोनईला जाऊन हरभऱ्याचं बी घेऊन आला.

“ह्यात बी टाकू नका,” सविता म्हणाली होती. “वर सर पडली की ही माती आवळती. बी आत कोंडतं. कांद्याचं रोप लावा.”

“रोप कुठनं आणू? पुरात समद्यांचीच गेली,” कल्याण म्हणाला, आणि पेरून मोकळा झाला. सर पडली. वरचा थर फरशीसारखा घट्ट झाला आणि कोंब आतल्या आत वाकडे होऊन कुजले. तुला कसं ठाऊक होतं, असं त्याने नंतरही विचारलं नाही. बायकोला विचारायचं म्हणजे कमीपणाच की.

तिला ठाऊक असणारच. ह्याच मातीत ती लहानाची मोठी झाली होती. आधी तिला वाटलं, मनाचे खेळ असतील, गाळ काय, सगळा सारखाच. पण परवा रानाच्या कोपऱ्यात काळ्या देठाचं आळू फुटलं. तसलं आळू तिच्या आईने माहेरच्या रानाच्या खालच्या कडेला लावलं होतं, आणि सविताने ते दुसरीकडे कुठेच पाहिलं नव्हतं.

आता भिमाजी त्या आळवापाशी उकिडवा बसला होता. पानाला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

“अक्का, किती रान हाय हे?” त्याने मान वर न करता विचारलं.

“एकराला थोडं कमी.”

तो बोटांवर काहीतरी हिशेब करू लागला. बांधावरच उभा असलेला कल्याण सविताच्या जवळ सरकला. “ट्रॅक्टर घिऊन आलाय तुझा भाऊ,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “तुला भेटाया न्हाई. गाळ न्यायला आलाय. किती खेपा व्हतील ते मोजतोय बघ.”

ट्रॅक्टर रस्त्यावर उभा होता. ट्रॉलीवर ओली तरटं टाकलेली होती आणि खाली धुळीत पाणी ठिबकत होतं. माती भरायला येणाऱ्याने तरटं कशाला भिजवली, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिचं डोकंच चालेना. ही माती कुणाची म्हणायची? तिने सोडलेली, त्याची झालेली, नदीने उचलून पुन्हा तिच्याच पुढ्यात टाकलेली. नाही म्हणावं तर उरलंसुरलं माहेर तुटतं. हो म्हणावं तर नवऱ्याच्या हाती पहिल्यांदा आलेलं चांगलं रान जातं.

“दाजी, उद्या हितं कामाला बाया मिळतील का?” भिमाजीने विचारलं.

कल्याणचा तोल गेला. “पाव्हणं, माती न्यायची आसंल तर तोंडानं सांगा. असं चाचपडत बसू नका.”

भिमाजी गोंधळून एकदा त्याच्याकडे, एकदा बहिणीकडे बघायला लागला. त्याला काही बोलू न देता सविताच बोलली.

“ने भिमा. समदी ने. तुझीच हाय. फकस्त जाताना घरात ये, च्या घे. एवढं कर.”

कल्याणने तिच्याकडे अशी नजर टाकली की तिने पदर तोंडाशी धरला. पण शब्द मागे घेतला नाही.

भिमाजी उठला. हाताची माती झटकली नाही, तसाच रस्त्यावर गेला. ट्रॉलीचं फाळकं पाडलं आणि तरटं ओढून काढली. आत कांद्याचं रोप होतं. पहाटे उपटून, जुड्या बांधून, मुळं भिजवून ओळीने मांडलेलं, ट्रॉलीच्या कडेपर्यंत.

“तुझा वाटा घेतल्यापासनं तोंड दाखवायची लाज वाटत हुती, अक्का,” तो म्हणाला. “विहिरीजवळच्या वाफ्यातलं हाय, पुरातनं वाचलं. त्याच रानासाठी टाकलं हुतं. रान तुझ्याकडं आलं, मंग रोप मी ठिवून काय करू?”